वाहनाचे ग्राउंड क्लिअरन्स वाढवणे

सपाट जमीन आणि वाहनाच्या तळाचा सर्वांत खालचा भाग (चाके वगळून) यांतील उभ्या अंतरास ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. खडकाळ, चिखलाच्या किंवा चाकोरी पडलेल्या वाटेवर तळ अडकू नये, म्हणून वाहनाच्या खालच्या रचनेत बदल करून हे अंतर वाढवले जाते.

नाशिक परिसरातील महत्त्व

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत सह्याद्रीचा डोंगराळ, अतिपावसाचा प्रदेश आहे. पावसाळ्यात येथील कच्च्या वाटांवर चाकोऱ्या खोल होतात आणि उघडे पडलेले बेसाल्टचे दगड तळाला लागतात. महिंद्र अँड महिंद्र कंपनीची 'थार' ही गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिच्या २०२० साली आलेल्या आवृत्तीचे ग्राउंड क्लिअरन्स कंपनीने २२६ मिलिमीटर दिले आहे. इगतपुरीजवळ याच कंपनीचे बिकट वाटांवरील वाहनचालनाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

मूलभूत तत्त्व

जुन्या जीपसारख्या गाड्यांत पुढे व मागे सलग एक्सेल असतो. त्याच्या मध्यभागी असलेले डिफरन्शियलचे फुगीर आवरण हाच बहुधा सर्वांत खालचा भाग ठरतो. स्प्रिंग उंच केल्यास सांगाडा वर जातो. एक्सेल मात्र चाकांच्या मध्याशी बांधलेला असल्याने तेथेच राहतो. म्हणून अशा गाडीचे मोजलेले ग्राउंड क्लिअरन्स केवळ स्प्रिंग बदलून वाढत नाही. २०२० च्या थारमध्ये पुढील निलंबन स्वतंत्र, तर मागील एक्सेल सलग आहे. त्यामुळे उंची वाढवल्यावर मागील आवरण मूळच्याच उंचीवर राहते.

पद्धती

* मोठे टायर : एक्सेल उचलण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय. व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मी उंची मिळते. २४५/७५ आर१६ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी, तर २६५/७५ आर१६ चा सुमारे ८०४ मिमी असतो. म्हणजे ३० मिमी वाढीतून एक्सेल १५ मिमी वर येतो.
* निलंबनाची उंची वाढवणे : उंच कॉइल स्प्रिंग, अधिक कमानीचे पाटे किंवा लांब शॅकल वापरले जातात. शॅकलची लांबी जितकी वाढते, त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते. यामुळे सांगाड्याखालील जागा वाढते आणि चढाला भिडताना, उतरताना व उंचवटा ओलांडताना मिळणारे कोन सुधारतात.
* बॉडी उचलणे : बॉडी व सांगाडा यांमध्ये ठोकळे बसवतात. मोठ्या टायरसाठी जागा होते. ग्राउंड क्लिअरन्स मात्र तेवढेच राहते.
* पोर्टल एक्सेल : चाकाजवळच्या गिअरमुळे एक्सेल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो. जर्मनीतील 'युनिमॉग' हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

दुष्परिणाम

उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७० मीटर असल्यास, निलंबनाची लवचीकता सोडून दिली तर, वाहन सुमारे ४७ अंशांच्या आडव्या कलावर उलटण्याच्या स्थितीत येते. तीच उंची ०.७५ मीटर झाल्यास हा कोन ४५ अंशांवर येतो. प्रत्यक्षात टायर व स्प्रिंग दबत असल्याने ही मर्यादा आणखी आधी गाठली जाते. घाटातील वेगवान वळणावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

याशिवाय प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढून जोड लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, स्टीअरिंगची भूमिती बिघडते आणि दिव्यांचा झोत वर जातो. मोठ्या टायरमुळे वेगमापक कमी वेग दाखवतो : वरील उदाहरणात, मूळ टायरवर अचूक असलेल्या मापकावर ताशी ६० किमी दिसत असता खरा वेग सुमारे ६२ किमी असतो.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोरपणे लागू करण्याचा निर्वाळा दिला. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पर्याय

अनेक ठिकाणी उंची न वाढवताही अडचण सुटते. तळाखाली पोलादी संरक्षक पत्रा बसवणे, वाटेचा आधी पायी अंदाज घेणे आणि दगड दोन चाकांच्या मधून न घेता त्यावर चाक चढवणे, हे उपाय वाहनाचा तोल न बिघडवता तळाचे रक्षण करतात.