हंगामी हिशेबनिसाचं वेळापत्रक

सीए कार्यालयांत अर्धवेळ, तात्पुरत्या माणसांची गरज तारखा ठरवतात.

● दरमहा : मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ची मुदत ११ तारीख, ३बीची २०. त्याआधी बिलनोंदणी आणि जुळवणीची घाई.

● जुलै : पगारदारांची प्राप्तिकर विवरणपत्रं, नेहमीची मुदत ३१ जुलै.

● सप्टेंबर : कर लेखापरीक्षणाचे अहवाल, ३० तारखेपर्यंत.

● काय यायला हवं : टॅली, एक्सेल, बँक खात्याची जुळवणी.

● मोबदला : ‘पगार’ की ‘व्यावसायिक शुल्क’, हे आधीच लेखी ठरवा. शुल्क वर्षाला ५०,००० रुपयांवर गेलं, की साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. तो आपल्या पॅनवर जमा झाला का, ते तपासा.

● पीएफ : २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत केवळ ‘तात्पुरता’ म्हणून कुणाला पीएफमधून वगळता येत नाही.