जुन्या विंडोजच्या सीडीला सुधारणांची जोड

वारजे - माळवाडीतून एनडीए रस्त्याने शिवण्याच्या दिशेने गेले, की निवासी इमारतींपाठोपाठ लघुउद्योगांच्या शेड दिसू लागतात. अशा एखाद्या कारखान्यातील मोजमापाचे यंत्र विंडोज एक्सपी वा विंडोज ७ असलेल्या संगणकावरच चालते, अशी कल्पना करा. एके दिवशी संगणकाची हार्ड डिस्क निकामी होते. लाखो रुपयांचे यंत्र धडधाकट असते. मात्र त्याचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. मग कपाटातील मूळ सीडी बाहेर निघते आणि धोक्याची सुरुवातही तेथूनच होते.

सीडीचे घड्याळ थांबलेले
सीडी ज्या दिवशी तयार झाली, त्या दिवसापर्यंतच्याच सुधारणा तिच्यात असतात. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा संगणक किडा पसरला, तेव्हा पॅच न बसविलेला संगणक केवळ इंटरनेटला जोडल्यानेही बाधित होत असे. त्यापासून बचाव करणारा पॅच आणायचा इंटरनेटवरून, आणि इंटरनेटला जोडले की किडा शिरणार, अशी कोंडी झाली होती. एक्सपीची फायरवॉल आपोआप सुरू राहण्याची सोय ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ ने केली.

विंडोज ७ ची गोष्टही वेगळी नाही. तिचा एकमेव सर्व्हिस पॅक फेब्रुवारी २०११ मधील आहे. मे २०१७ मध्ये जगभर हाहाकार माजविणाऱ्या 'वॉनाक्राय'ने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील पॅच कंपनीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिला होता. २०११ च्या डीव्हीडीत तो असणे शक्यच नाही. रुपयाचे '₹' हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ला ते नंतरच्या स्वतंत्र अपडेटने मिळाले.

जोड कशी देतात?
यावरील उपाय म्हणजे 'स्लिपस्ट्रीमिंग'. संगणकावर विंडोज चढविण्याआधीच सुधारणा सीडीतील फायलींत मिसळायच्या.

एक्सपीसाठी सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घेतात आणि २००८ मधील सर्व्हिस पॅक ३ 'इंटिग्रेट' हा पर्याय देऊन त्या फोल्डरवर चालवितात. 'आय३८६' फोल्डरमधील जुन्या फायलींची जागा नव्या फायली घेतात. सीडी आणि सर्व्हिस पॅक यांची भाषा मात्र एकच हवी. शेवटी नवी सीडी 'बूटेबल' करावी लागते. नुसत्या फायली उतरवल्या, तर संगणक तिच्यावरून सुरूच होत नाही.

विंडोज ७ मध्ये सारा ऐवज 'इन्स्टॉल.विम' या एकाच फायलीत असतो. 'डिसम' या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने ती उघडून अपडेट जोडतात. येथे क्रम महत्त्वाचा. आधी एप्रिल २०१५ चे सर्व्हिसिंग स्टॅक अपडेट, मग एप्रिल २०१६ पर्यंतच्या सुधारणांचा एकत्रित संच, त्यानंतर २०१९ मधील नव्या डिजिटल स्वाक्षरीची अपडेट आणि अखेरीस जानेवारी २०२० चा मासिक संच. संगणक नवा असेल, तर यूएसबी ३ चे ड्रायव्हर 'बूट.विम'मध्येही घालावे लागतात. अन्यथा स्थापनेच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि की-बोर्ड बंद पडू शकतात.

'इंटरनेटला जोडून अपडेट घेऊ' हा मार्गही आता बिकट आहे. नव्या स्वाक्षरीची ओळख नसलेल्या जुन्या विंडोजसाठी अपडेटची सेवा २०२० मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या स्वाक्षरीच्या फायली कंपनीने डाउनलोड केंद्रातून काढून टाकल्या. 'सर्व अपडेटसह तयार' म्हणून अनोळखी संकेतस्थळांवर फुकट मिळणाऱ्या प्रतींत काय दडले आहे, हे कळणे कठीण. मूळ सीडी आणि अधिकृत परवाना घेऊन हे काम स्वतः करणेच इष्ट.

मर्यादा ओळखा
सुधारित सीडी संगणकाला पाठबळाच्या अखेरच्या दिवसापर्यंत आणते, त्यापुढे नाही. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, तर विंडोज ७ चे सर्वसामान्य पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी. त्यानंतर सापडलेल्या बहुतेक त्रुटी उघड्याच आहेत. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना एक्सपीवरील एटीएम टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्यास सांगितले. अशा संगणकावर ई-मेल वा बँकेचे व्यवहार करू नयेत. तो इंटरनेटपासून अलग ठेवावा आणि पेनड्राइव्ह तपासूनच लावावा.

विंडोज १० चे नियमित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यंत्राला जोडलेला संगणक आज सुरू आहे, तोवरच सुधारित सीडी, ड्रायव्हर आणि यंत्राचे सॉफ्टवेअर एकत्र जपून ठेवावे. एकदा दुसऱ्या हार्ड डिस्कवर ते चढवून पाहावे. यंत्र बंद पडल्यावर ही शोधाशोध करण्यास सवड नसते.