हमीची मुदत संपल्यानंतर वारंवार बिघडणारा गिअरबॉक्स : कारणे व उपाय

मोटारीचा गिअरबॉक्स एकदा बिघडला तर तो योगायोग मानता येतो. परंतु दुरुस्तीनंतर तोच बिघाड दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा उद्भवला, तर मूळ कारण दूर झालेले नाही असेच समजावे लागते. हमीची मुदत संपलेली असताना हा प्रश्न अधिकच बिकट होतो. विक्रेता मुदतीकडे बोट दाखवितो, कारागीर नवा सुटा भाग बसवितो आणि खर्चाचा सारा भार मालकावर पडतो. वाहन हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन, त्याची तर दुरुस्तीच्या दिवसांची मिळकतही बुडते. यास्तव मुदत केव्हा संपली यापेक्षा बिघाड कशाने झाला, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

इंजिनाची शक्ती क्लचमार्फत गिअरबॉक्समध्ये येते. तेथील दंतचक्रे व त्यांच्या दांड्यांना आधार देणारी बेअरिंगे तेलाच्या पातळ थरावर काम करतात. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते आणि धातूचा चुरा तेलात मिसळतो. दुरुस्तीच्या वेळी मोडलेले चक्र तेवढे बदलले व आतील भाग स्वच्छ धुतला नाही, तर तोच चुरा नव्या भागांचा घात करतो. तेल गळणारे सील, अयोग्य प्रतीचे तेल, अथवा इंजिन व गिअरबॉक्स यांची सदोष जुळणी ही कारणे तशीच राहिली, तर नवा गिअरबॉक्सही जुन्याच्याच वाटेने जातो.

स्थानिक परिस्थितीचाही या प्रश्नाशी निकट संबंध आहे. सातारा जिल्ह्यात वाईहून पाचगणीस जाणारा पसरणी घाटाचा रस्ता सुमारे १२ किलोमीटरांत जवळजवळ ६०० मीटर चढतो. वाहनांच्या गर्दीत गाडी ब्रेकवर न थोपविता अर्धवट दाबलेल्या क्लचवर धरून ठेवली, तर क्लच घसरून तापतो. क्लच आपोआप चालविणाऱ्या काही गिअरबॉक्सांतही चढावर मुंगीच्या गतीने सरकताना हेच घडते. अशा वेळी दोष क्लचचा असून दुरुस्ती मात्र गिअरबॉक्सची होते, आणि बिघाड पुन्हा उद्भवतो.

सांगलीची अडचण निराळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २०२१ च्या जुलैतही पूर आला. गिअरबॉक्समधील तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून त्यास एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते व या छिद्रातून पाणी आत खेचले जाते. तेल दुधट होते, बेअरिंगांस गंज चढतो आणि त्याचा परिणाम कधी कधी काही महिन्यांनी आवाजाच्या रूपाने प्रकट होतो. पुरात बुडालेली गाडी हे न सांगता विकली गेल्यास नव्या मालकास या बिघाडाचा उगम सहसा कळत नाही.

म्हणून दुसऱ्या दुरुस्तीपूर्वीच कारणाचा लेखी शोध घेणे अगत्याचे ठरते. प्रत्येक जॉब कार्डावर तारीख, किलोमीटर व तक्रारीचे नेमके स्वरूप नोंदवून घ्यावे. काढलेले भाग परत मागावेत. जुन्या तेलाचा नमुना स्वच्छ बाटलीत ठेवावा. त्याच कारखान्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून लेखी अभिप्रायही घ्यावा. तक्रार हमीच्या मुदतीतच प्रथम नोंदविली होती, असे जुन्या जॉब कार्डावरून दाखविता आले, तर तो पुरावा विशेष मोलाचा ठरतो.

कायद्याच्या दृष्टीनेही मुदतीबरोबर सर्व हक्क संपत नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दोषाची व्याख्या केवळ स्पष्ट शब्दांतील करारापुरती नसून ध्वनित करारासही लागू पडते. शिवाय, पैसे देऊन करून घेतलेली प्रत्येक दुरुस्ती ही एक स्वतंत्र सेवा आहे. ती निष्काळजीपणे झाली असल्यास मूळ हमी संपलेली असूनही सेवेतील उणिवेबद्दल तक्रार करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः गाडी चालविणारा टॅक्सीवालाही ग्राहक ठरू शकतो. सातारा व सांगली येथील जिल्हा आयोगांकडे तक्रार नेता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे ती दाखल करण्याची सोय याच अधिनियमाने केली. मात्र कारण उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. जेथे दोष तपासणीवाचून ठरविता येत नाही, तेथे आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

तथापि अपेक्षा मर्यादित ठेवणे इष्ट होय. मारुती उद्योग कंपनीच्या एका गाडीच्या क्लचसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नाही. सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलून देणे, एवढ्यापुरतेच हमीचे बंधन न्यायालयाने मानले. सारांश, नव्या गाडीच्या मागणीपेक्षा दुरुस्तीचा खर्च व झालेले नुकसान यांची पुराव्यानिशी केलेली मागणी अधिक टिकाऊ ठरते. बिघाडाची पुनरावृत्ती हा त्या पुराव्याचा आरंभ आहे. परंतु प्रत्येक वेळी नेमके काय मोडले व का मोडले, याची नोंद असल्यावाचून ती पुनरावृत्ती मालकाच्या कामी येत नाही.