आणखी एक हीटर बसवला की झालं?

गाळप हंगामात शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला किंवा नवापूर तालुक्यातल्या डोकारेला साखर कारखान्यावरून जाणारा माणूस पांढऱ्या वाफेचे लोट बघतो आणि म्हणतो, "केवढी वाफ वाया चाललीय! एक हीटर बसवला तर सगळी वाचेल की." रस्त्यावरच्या माणसाचं मी समजू शकतो. पण हेच वाक्य इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आणि यंत्रं विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात पुन्हा पुन्हा भेटतं, तेव्हा मात्र राग येतो. सहकारी कारखान्यात अशा हीटरवर खर्च होणारा पैसा शेवटी ऊस पिकवणाऱ्याचा असतो.

उष्णता किती आहे, हा अर्धाच प्रश्न. ती किती अंशांवर आहे, हे आधी विचारायला हवं. कंडेन्सरमधून, म्हणजे शेवटची वाफ थंड करणाऱ्या यंत्रातून, निघणारं पाणी जेमतेम 40-45 अंशांचं. त्यात उष्णता भरपूर असते, पण 70 अंशांच्या रसाला ते एका अंशानेही तापवू शकत नाही. दोहोंच्या मध्ये कितीही मोठा हीटर बसवला तरी.

गुऱ्हाळ पाहिलेल्याला पुढचं लवकर कळेल. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळतो, वाफ वर निघून जाते आणि विषय संपतो. कारखान्यात रस आटवणाऱ्या बंद भांड्यांची रांग असते; अशा भांड्याला बॉडी म्हणतात. एका बॉडीतल्या रसाची वाफ पुढच्या बॉडीतला रस उकळते. हे जमतं, कारण पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी असतो आणि रस कमी तापमानाला उकळतो; शेवटच्या बॉडीत तर निर्वातात, 55-60 अंशांवर. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियूने या रचनेचं पेटंट 1843 साली घेतलं. शंभर टन रस 15 ब्रिक्सवरून (रसात विरघळलेल्या घन भागाची टक्केवारी) 60 ब्रिक्सवर न्यायला 75 टन पाणी उडवावं लागतं. चार बॉडी असल्या तर ते सुमारे 19 टन वाफेत होतं. उष्णता पुन्हा वापरण्याची सोय कारखान्याच्या पोटातच आहे. प्रश्न उरतो तो रस तापवण्याचा.

गाळलेला रस साधारण 35 अंशांवर येतो आणि तो 103 अंशांच्या आसपास न्यावा लागतो. शंभर टन रसाला त्यासाठी जवळपास 12 टन वाफ लागते. ही वाफ टर्बाइनच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेतून, घेतली तर 12 टन सरळ खर्ची पडली. पण पहिल्या बॉडीची वाफ घेतली तर ती आधीच एकदा पाणी उडवून आलेली असते, म्हणून चार बॉडींच्या संचात खर्च पाऊणच. दुसरीची घेतली तर निम्मा, तिसरीची घेतली तर पाव, आणि शेवटच्या बॉडीची वाफ तर कंडेन्सरलाच निघालेली असते. हा हिशोबही रिलियूचाच. म्हणून 35 ते 50 अंश शेवटच्या बॉडीवर, 70 पर्यंत तिसरीवर, 90 पर्यंत दुसरीवर आणि उरलेले पहिलीवर, असे टप्पे पाडले, तर माझ्या ढोबळ हिशोबाने 12 टनांचं काम सव्वाचार टनांत होतं. रस तोच, तापमान तेच. वाफ कुठून घेतली, एवढाच फरक.

इथे विक्रेता थांबतो आणि मला पुढे बोलावंसं वाटतं. तिसऱ्या बॉडीतून वाफ काढून घेतली की चौथीचं काम कमी होतं, पण पहिल्या तिघींना जास्त पाणी उडवावं लागतं. त्यांचं रस तापवणारं क्षेत्रफळ अपुरं असेल तर पाक पातळ राहतो आणि साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनवरचे लोक एक्झॉस्ट वाढवून मागतात. हीटरवर वाचलेली वाफ पॅनवर जाते. जुन्या कारखान्यात नवा हीटर 'चालला नाही' असं ऐकलं की मी आधी बॉडींचं क्षेत्रफळ विचारतो.

मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचं गणितही याच जातीचं आहे. कच्चं तेल भट्टीत जाण्याआधी हीट एक्सचेंजरांच्या मालिकेतून जातं आणि बाहेर पडणाऱ्या गरम तेलांकडून उष्णता घेतं. अशा जुन्या जाळ्यांचा अभ्यास मँचेस्टरच्या असांते आणि झू यांनी केला. 1997 च्या त्यांच्या लेखात कल्पना आहे ती 'नेटवर्क पिंच'ची. जाळ्यात एक जागा अशी येते, जिथे गरम आणि थंड प्रवाहांतला तापमानाचा फरक उरतच नाही. त्यानंतर आहे त्या मांडणीत क्षेत्रफळ वाढवून हाती काही लागत नाही. एक्सचेंजरचा क्रम किंवा जोडण्याच बदलाव्या लागतात. पुष्कळदा पाइप हलवणं हे नवं यंत्र घेण्यापेक्षा जास्त कामाचं ठरतं.

"बगॅस फुकट आहे, वाफ वाचवून काय मिळणार?" बगॅसबद्दल, म्हणजे उसाच्या चोथ्याबद्दल, हेही नेहमीचंच. वरच्या हिशोबातली पावणेआठ टन वाफ म्हणजे शंभर टन रसामागे सुमारे साडेतीन टन बगॅस, आणि ते सहवीजनिर्मितीला किंवा कागद गिरणीला विकलं जातं. मात्र ऊस गाळणाऱ्या गिरण्या वाफेच्या जुन्या टर्बाइनवर चालत असतील, तर एक्झॉस्टची गरज कमी झाल्यावर उरलेला एक्झॉस्ट हवेत सोडावा लागतो. टर्बाइनचा ताळेबंद न मांडता बचतीचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

असेच आणखी काही समज. चारच्या पाच बॉडी केल्या की वाफ एक पंचमांश वाचते? कागदावर, हो, पण उपलब्ध तापमानाचे पाच वाटे पडतात आणि एकूण क्षेत्रफळ जास्त लागतं.

बॉडींचं सगळं गरम पाणी बॉयलरला चालतं? एक्झॉस्टचं चालतं. मागच्या बॉडींच्या पाण्यात साखरेचा अंश येऊ शकतो; ते गिरणीवर शिंपडायला वापरावं.

रस जितका जास्त तापवाल तितकं चांगलं? नाही. जास्त वेळ गरम राहिलेल्या रसात साखर फुटते आणि रंग चढतो.

आणि स्केल हा निव्वळ साफसफाईचा विषय नाही. नळ्यांवर बसलेला पातळ थरही उष्णता अडवतो. नव्या हीटरची निविदा काढण्याआधी जुन्यातून निघणाऱ्या रसाचं तापमान एकदा साफसफाईच्या दुसऱ्या दिवशी मोजा आणि एकदा पंधरा दिवसांनी. दोन आकड्यांत मोठा फरक निघाला, तर निविदा थांबवा आणि आधी नळ्या घासा.