कॅमेऱ्याचे दुसरे भिंग

तीन वर्षांपूर्वी इंदूरच्या आमच्या घरी आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. सायंकाळी माजघरातील विजेचे दिवे मालवले आणि ८१ दिव्यांच्या ताटाने वहिनींनी तिला ओवाळले. चार पिढ्यांची माणसे भोवती उभी होती. माझी पुतणी वैदेही कॅमेरा घेऊन कोपऱ्यात बसली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सारे मोठ्या उत्सुकतेने चित्रे पाहावयास बसलो, तो काय! एकही चेहरा रेखीव नव्हता. फ्लॅश लावून काढलेल्या दोन चित्रांत चेहरे स्पष्ट होते, परंतु दिव्यांचा तो मंद उजेड कोठल्या कोठे गेला होता. माजघर एखाद्या कचेरीसारखे दिसत होते. वैदेहीचे डोळे भरून आले. आई शांतपणे म्हणाली, "माझंच चुकलं असेल गं. मीच हलले असेन."

चूक आईची नव्हती, वैदेहीचीही नव्हती. अनेक घरांत अशीच निराशा पदरी पडते आणि "आमच्या कॅमेऱ्यात काही दम नाही" असा निष्कर्ष काढला जातो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

कॅमेऱ्याच्या खोक्यातून जे भिंग मिळते, त्यास दुकानदार 'किट लेन्स' म्हणतात. बहुधा ते १८ ते ५५ मिलिमीटर नाभीय अंतराचे असते. दिवसाउजेडी ते उत्तम काम देते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याची उणीव एकच आणि ती त्याच्या कडेवर छापलेलीच असते: ३.५ ते ५.६. हे अंक भिंगाच्या छिद्राचे माप होत. अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश अधिक. किट भिंग ५५ वर नेले की त्याचे छिद्र ५.६ च्या पुढे उघडत नाही. त्याऐवजी १.८ अंकाचे भिंग लावले, तर ५.६ ला १.८ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, उत्तर ९.७ येते. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश! ज्या चित्राला १/८ सेकंद लागत होता, तेच आता सुमारे १/८० सेकंदात निघते. १/८ सेकंदात ओवाळणारा हात हलतो, ओठ हलतात, पापणी लवते. १/८० सेकंदात सहज वावरणारा माणूस पुष्कळसा स्थिर मिळतो.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. पुष्कळ किट भिंगांत थरथर शोषून घेणारी योजना असते. ती छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवू शकत नाही. देऊळ किंवा वाड्याचा खांब टिपताना ती उपयोगी पडते. मांडीवर चुळबुळणाऱ्या बाळापुढे तिचे काही चालत नाही.

मोठ्या छिद्राचे महत्त्व छायाचित्रकलेइतकेच जुने आहे. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा भिंगे इतकी मंद होती की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी सुमारे ३.६ अंकाचे भिंग सिद्ध केले आणि माणसांची चित्रे काढणे सुकर झाले. भिंगासाठी माणसाने थांबावे की माणसासाठी भिंगाने धावावे, हा प्रश्न तेव्हाही हाच होता.

समारंभानंतर वैदेही माझ्याकडे आली. "काका, दहा-बारा हजारांत कोणती लेन्स घेऊ?" तिला उत्तर देण्याआधी मी माझी फजिती सांगितली. पूर्वी मीही असाच दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने मला ७० ते ३०० मिलिमीटरचे लांबलचक भिंग दाखवले. राजवाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्याचे नक्षीकाम हाताशी आल्यासारखे दिसले आणि मी भुललो. घरी आल्यावर ध्यानात आले की आमच्या बैठकीच्या खोलीत त्या भिंगाने माणसाचे फार तर नाक-डोळे मावतात आणि अंधारात ते किट भिंगाइतकेच आंधळे आहे. रंगपंचमीची गेर गच्चीवरून टिपावयास ते दोनदा बाहेर निघाले. एरवी कपाटातच आहे.

म्हणून वैदेहीला म्हटले, "आधी दुकानात जाऊ नकोस. आधी तुझी जुनी चित्रं उघड." संगणकावर प्रत्येक चित्राच्या माहितीत ते किती मिलिमीटरवर आणि कोणत्या छिद्राने घेतले याची नोंद असते. तिने मागील वर्षाची चित्रे चाळून कागदावर रेघा ओढल्या. निसर्गदृश्ये थोडी, पक्षी एकही नाही. निम्म्याहून अधिक चित्रे घरातील माणसांची आणि तीही दिवेलागणीनंतरची. बहुतेक ३० ते ४० च्या दरम्यान घेतलेली. तिला काय हवे, हे कोणा विक्रेत्यापेक्षा त्या कागदाने अधिक नेमके सांगितले.

दुसरी परीक्षा आठ दिवसांची. किट भिंगाचे कडे ३५ वर आणून त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि आठवडाभर ते हलवू नये. पुढील आठवड्यात तसेच ५० वर करावे. कोणत्या आठवड्यात पाठ भिंतीला टेकली आणि कोणत्या आठवड्यात मन रमले, हे आपोआप कळते. या परीक्षेला एक पैसाही पडत नाही.

याचे कारण अंतराच्या हिशेबात आहे. सामान्यतः घरोघरी असलेल्या कॅमेऱ्यांतील संवेदक जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो; निकॉनमध्ये सुमारे दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट. त्यामुळे ५० चे भिंग येथे ७५-८० सारखे वागते. दहा फुटांवरून आडव्या चित्रात १८ वर सुमारे १३ फूट रुंदी मावते, ३५ वर साडेसहा फूट आणि ५० वर जेमतेम साडेचार फूट. एकट्या माणसाच्या चेहऱ्यासाठी, मुंजीतील बटूसाठी किंवा व्यासपीठाजवळून गायकासाठी ५० उत्तम. परंतु माजघरातील पंगत किंवा गणपतीपुढे उभे असलेले चौघे त्यात मावणार नाहीत. तेथे ३५ हवे.

ही भिंगे स्वस्त का, असा संशय येणे साहजिक आहे. ५० च्या भिंगाची मूळ रचना १८९६ सालची, झाइस कारखान्यातील पाउल रुडोल्फ यांची. तीत सहा-सात काचांतच काम भागते. हे भिंग झूम होत नाही, म्हणजे काचा मागेपुढे सरकवण्याचा खटाटोप नाही. पैसा वाचतो तो येथे, चित्राच्या दर्जात नव्हे. पुढेमागे सरकण्याचे काम मात्र आपल्या पायांना करावे लागते.

कॅननचा आरशाचा कॅमेरा असणाऱ्यांसाठी ५० मिलिमीटर, १.८ अंकाचे, २०१५ साली आलेले एसटीएम भिंग हा सरळ मार्ग होय. ज्यांना अधिक रुंदी हवी, त्यांना त्याच कंपनीचे २४ मिलिमीटर, २.८ अंकाचे चपटे भिंग सोयीचे. पण प्रकाशाचा लाभ त्यात बेताचाच. निकॉनवाल्यांसाठी २००९ सालचे ३५ मिलिमीटर, १.८ अंकाचे डीएक्स भिंग घरगुती कामास फार योग्य. मात्र निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत भिंग फिरवणारी मोटर नसते. त्यांवर 'एएफ-एस' असे लिहिलेले भिंगच घ्यावे. 'एएफ-डी' प्रकारचे घेतल्यास ते हाताने फिरवून जुळवत बसावे लागते. नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांचे जोडकडे निराळे असते. त्यांच्यासाठी त्याच जातीचे भिंग किंवा कंपनीचे जोडसाधन लागते. आपला कॅमेरा बरोबर नेऊन, त्यावर लावून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

वापरलेले भिंग घेण्यात कमीपणा नाही. ते उजेडाकडे धरून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि नमस्कार करून परत द्यावे. आतील पाती तेलकट नसावीत. जवळचे व दूरचे दोन्ही ठिकाणी भिंग आपोआप जुळावे. गोवा-बेळगावकडील दमट पावसाळ्यात तर घरी आणलेले चांगले भिंगही बिघडते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ते ठेवावे आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्या.

नव्या भिंगाने पहिल्या दिवशी फसगत होते, तीही सांगून ठेवतो. छिद्र पूर्ण उघडले की रेखीव भागाची खोली फार थोडी उरते. पाच फुटांवरून ५० चे भिंग १.८ वर ठेवले, तर ती जेमतेम अडीच इंच असते. डोळे स्पष्ट येतात, कान पुसट होतो. म्हणून जुळणी नेहमी जवळच्या डोळ्यावर करावी. दोन माणसे मागेपुढे असतील तर छिद्र २.८ किंवा ४ वर आणावे. आणि किट भिंग विकू नये. राजवाड्याचा संपूर्ण दर्शनी भाग किंवा लग्नातील चाळीस माणसांचा समूह टिपावयास त्याचे १८ मिलिमीटरच कामी येते.

वैदेहीने वापरलेले ३५ चे भिंग घेतले. ठरवल्यापेक्षा कमी पैशांत. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी आई समईपाशी बसून वाती सारखी करीत होती. शेजारी पणतू बडबडत होता, ती त्याच्याकडे वळून काही सांगत होती. वैदेहीने फ्लॅश लावला नाही, कोणाला "इकडे बघा" म्हटले नाही. चित्रात आईच्या चेहऱ्यावर समईचाच उजेड आहे, चष्म्याच्या काचेत ज्योतीचा ठिपका आहे आणि तोंड बोलता बोलता अर्धवट उघडे आहे. सहस्रचंद्रदर्शनाची ती ओवाळणी काही पुन्हा मिळावयाची नाही. ते दोन-अडीच पैलूंचे दुःख घरात अजून निघते.

चित्र हातात घेऊन आईने ते बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढीत म्हणाली, "यात तर मी चांगली हललेय की! आणि तरी आलेय."