पाच नावांची मतपत्रिका

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ‘एमव्हीपी’ म्हणजे ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ या पुरस्कारावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा विजेत्यांची यादी हाताशी होतीच. पहिला मान १९५५-५६च्या मोसमात सेंट लुईस हॉक्सच्या बॉब पेटिटला मिळाला. सर्वाधिक सहा वेळा करीम अब्दुल-जब्बार. बिल रसेल आणि मायकल जॉर्डन पाच-पाच वेळा. पूर्वी ही ट्रॉफी लीगचे पहिले प्रमुख मॉरिस पोडोलॉफ यांच्या नावाने दिली जायची, २०२२मध्ये तिला जॉर्डनचं नाव मिळालं. त्याचा जर्सी क्रमांक २३ आणि विजेतेपदं सहा, म्हणून तिची उंची २३.६ इंच आणि वजन २३.६ पौंड.

मी मात्र अडकलो मतपत्रिकेपाशी. प्रत्येक मतदाराने पाच नावं पसंतीच्या क्रमाने लिहायची. पहिल्याला १० गुण, मग ७, ५, ३ आणि १. १९७९-८०च्या मोसमापर्यंत खेळाडूच मत द्यायचे. त्यानंतर हे काम क्रीडा पत्रकार आणि समालोचकांकडे आलं. आज असे शंभर मतदार आहेत. साखळी सामने संपले की बाद फेरीआधीच मतं नोंदवायची, म्हणजे अंतिम फेरीच्या झगमगाटाचा प्रभाव पडत नाही.

ही पद्धत काय करू शकते, हे १९९०च्या निकालात दिसतं. ९२ मतदारांपैकी ३८ जणांनी फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बार्कलीला पहिलं ठेवलं होतं. लॉस एंजेलिस लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनला पहिली पसंती फक्त २७ जणांची. आपल्या निवडणुकीच्या हिशेबाने बार्कली आरामात निवडून आला असता. पण मॅजिक ३८ मतपत्रिकांवर दुसरा होता आणि बार्कली अवघ्या १५ मतपत्रिकांवर. बेरीज झाली मॅजिक ६३६, बार्कली ६१४. पुरस्कार मॅजिकला गेला. हा निकाल अनेकांना आजही खटकतो, मला तो योग्य वाटतो. काहींना प्राणप्रिय असलेल्या खेळाडूपेक्षा जवळजवळ सगळ्यांनाच मोठा वाटणारा खेळाडू या पद्धतीत वर येतो.

शिवाय ‘मौल्यवान’ म्हणजे काय, याची व्याख्या लीगने मतदारांवर लादलेली नाही. १९६१-६२मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. तो आकडा आजवर कुणी गाठलेला नाही. तरीही त्या वर्षी खेळाडूंनी मत दिलं बोस्टनच्या बिल रसेलला. रसेलचा संघ ६० सामने जिंकला होता, चेंबरलेनचा ४९. दोघांशी प्रत्यक्ष झुंजणाऱ्यांचा तो कौल होता, आणि आकडेवारीपुढे मान न तुकवण्याची ती हिंमत मला फार मोलाची वाटते.

पुढे तशीच हिंमत एका पत्रकारानेही दाखवली. २०१३मध्ये लेब्रॉन जेम्सला १२१पैकी १२० जणांनी पहिली पसंती दिली. उरलेलं एक मत ‘बोस्टन ग्लोब’च्या गॅरी वॉशबर्न यांचं होतं, कार्मेलो अँथनीला दिलेलं. त्यांनी स्वतः पुढे येऊन लेख लिहिला आणि कारण सांगितलं. आता तर प्रत्येकाची मतपत्रिका नावानिशी जाहीर होते. लपायला जागा नाही, हे उत्तमच.

काळजी वाटते ती गेल्या काही वर्षांत या मतपत्रिकेवर पडलेल्या ओझ्याची. लीगच्या वेतन करारानुसार सात ते नऊ वर्षं खेळलेल्या खेळाडूला एरवी संघाच्या वेतनमर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंत मानधन मिळतं. नुकताच एमव्हीपी झालेला असेल, तर ते ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. फरक कोट्यवधी डॉलर्सचा. ज्याच्याबद्दल रोज बातम्या लिहायच्या, त्याच खेळाडूचा पगार आपल्या मताने ठरणार, ही पत्रकाराची भयंकर कुचंबणा आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ तर आपल्या पत्रकारांना अशा मतदानात भागच घेऊ देत नाही.

त्यात २०२३-२४पासून ६५ सामन्यांची अट आली. ८२पैकी किमान ६५ सामने खेळल्याशिवाय सहसा नावाचा विचारच होत नाही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर धडधाकट तारे बाकावर बसून राहायचे, त्याला आळा घालायला ही अट आणली. तक्रार रास्त होती. पण खरोखर जायबंदी झालेलाही त्यात भरडला जातो. पहिल्याच मोसमात आदल्या वर्षीचा विजेता जोएल एम्बीड गुडघ्याच्या दुखापतीमुळे ३९ सामन्यांवर थांबला आणि शर्यतीतून बाद झाला.

एम्बीडला ३९ सामन्यांवर मतदारांनीही कदाचित निवडलं नसतं, पण १९७८च्या बिल वॉल्टनचं काय? पोर्टलंडने पहिल्या ६० सामन्यांपैकी ५० जिंकले होते, आणि वॉल्टन त्या संघाचा कणा होता. मग पायाच्या दुखापतीने त्याचा मोसम ५८ सामन्यांवर अडला. तो नसताना संघाची घसरण सर्वांनी पाहिली, आणि खेळाडूंनी त्यालाच एमव्हीपी निवडलं. आजच्या नियमात त्याचं नाव मतपत्रिकेवर लिहिताच आलं नसतं.

किती सामने पुरेसे, हे मतदाराला कळतं. न खेळणाऱ्याला शिक्षा करायची तर ती मानधनात करावी. लीगने पगाराचं गणित या पुरस्कारापासून तोडावं आणि ६५ची अट काढून टाकावी. नाव जाहीर करून मत देणाऱ्या शंभर जाणकारांवर एवढा भरवसा ठेवायला हरकत नाही.