नव्या संगणकाचा पहिला दिवस

घरात नवी वस्तू आली म्हणजे तिचे स्वागत कसे करावे, हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. तिला हळदकुंकू लागते, फूल वाहिले जाते, मुले भोवती गोळा होतात. संगणकाचेही असेच कौतुक होते. परंतु ज्या दिवशी हे कौतुक होते, त्याच दिवशी तो सर्वांत अधिक दुबळा असतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. विद्यार्थी मित्रांच्या व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या ती ध्यानी आणून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोरे यंत्र दुबळे कसे, असा प्रश्न सहजच मनात येईल. कारखान्यात संगणकात जी मूळ प्रणाली भरतात, ती त्या दिवसापर्यंतची असते. पुढे ते यंत्र गोदामात आणि दुकानात कित्येक महिने पडून राहते. मधल्या काळात त्या प्रणालीतील उणिवा उघडकीस येतात व त्या बुजविणारी दुरुस्ती, जिला आपण ‘अपडेट’ म्हणतो, ती कंपनी प्रसृत करते. म्हणजे भिंतीला भोक कोठे आहे ते चोरास कळलेले असते, आणि आपल्या पेटीतल्या यंत्रात मात्र ते अद्याप उघडेच असते!

या चोरांच्याही जाती आहेत. ‘व्हायरस’ एखाद्या फाइलीस चिकटून येतो व ती कोणी उघडली म्हणजेच जागा होतो. ‘वर्म’ म्हणजे किडा. त्यास कोणाच्या हाताची गरज लागत नाही. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राचे भोक तो आपणच हुडकून काढतो. २००३ च्या ऑगस्ट महिन्यात ‘ब्लास्टर’ नावाचा असा किडा जगभर पसरला. त्यावरील दुरुस्ती जुलैमध्येच निघाली होती. परंतु नवे यंत्र इंटरनेटला जोडून ती उतरवून घेण्यापूर्वीच किडा आत शिरे, असा अनुभव त्या काळी अनेकांस आला. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने हाच प्रकार केला. त्याने फाइलींना कुलूप घालून खंडणी मागितली, आणि ब्रिटनमधील कित्येक सरकारी रुग्णालयांस रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्याचीही दुरुस्ती सुमारे दोन महिने आधी, मार्चमध्ये, निघाली होती. औषध तयार होते. ते घेतले गेले नव्हते.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरी राउटर आहे, फायरवॉल आहे. मग भय कसले? राउटर हा दारावरचा राखणदार खरा. बाहेरून न बोलाविता येणाऱ्यास तो बहुधा अडवितो. परंतु माजघरातून स्वयंपाकघरात जाणाऱ्यास तो सहसा विचारीत नाही. घरातला जुना संगणक आधीच दूषित झालेला असेल, तर नव्या यंत्राचा शत्रू दाराबाहेर नसून घरातच असतो.

हे आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो. आमच्या आजीने पौषात धालोच्या मांडावर गायिलेली गाणी आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. नवा संगणक आला त्याच संध्याकाळी ती त्यावर उतरविली, आणि दोन्ही यंत्रांस सोयीचे व्हावे म्हणून तो फोल्डर जुन्या संगणकासही उघडा ठेवला. जुन्या यंत्रावर भाच्याने कोठूनसा फुकटचा खेळ आणून बसविला होता. आठ दिवसांनी त्या खेळातून शिरलेल्या उपद्रवाने जुन्या यंत्रातील सर्व फाइलींस कुलूप घातले. आणि उघड्या फोल्डरच्या वाटेने नव्या यंत्रावरील गाणीही त्याच कुलपात गेली. नवे यंत्र आतून निरोगी होते. वाट मात्र आम्हीच ठेवली होती. पुण्याच्या आतेबहिणीस पूर्वी फोनवर पाठविलेली चार गाणी तेवढी वाचली. आज आजी नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी करावयाचे काय, ते क्रमाने सांगतो. कारण येथे क्रमासच महत्त्व आहे.

प्रथम घरातील संशयित यंत्रे बंद करावी. ते शक्य नसेल, तर नवा संगणक घरच्या वाय-फायला न जोडता फोनच्या हॉटस्पॉटवर जोडावा. जोडणी करताना विंडोज हे जाळे ‘सार्वजनिक’ की ‘खासगी’ असे ठरवावयास देते. तेथे ‘सार्वजनिक’ निवडावे, म्हणजे इतर यंत्रांस हा संगणक सहसा दिसत नाही.

मग दुसरे काहीही न करता अपडेट उतरवून घ्यावे, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि नवीन काही उरले नाही असे दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासावे. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ हा पहारेकरी मुळातच असतो. तो व फायरवॉल चालू आहेत याची खात्री करावी. दुकानदाराने दुसरा अँटिव्हायरस थोड्या मुदतीपुरता घालून दिला असेल, तर मुदत संपल्यावर त्याचे पैसे भरावे किंवा तो काढून टाकावा. मुदत संपलेला पहारेकरी दारात झोपलेला ठेवू नये.

नंतर राउटरकडे वळावे. त्याच्याबरोबर आलेला पासवर्ड बदलावा व त्याचेही अपडेट करावे. २०१६ मध्ये ‘मिराय’ने असंख्य राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेल्या सुमारे ६० ठरावीक नावांच्या व पासवर्डांच्या जोड्या वापरूनच. चतुर्थीला मूळ घरी सारे कुटुंब जमते आणि आरती आटोपण्यापूर्वीच प्रत्येक जण वाय-फायचा पासवर्ड विचारतो. पाहुण्यांस नाही म्हणवत नाही. म्हणावेही लागत नाही. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते. तेच त्यांना द्यावे, आणि बरा न झालेला जुना संगणकही तेथेच ठेवावा.

रोजच्या कामासाठी साधे खाते करावे. व्यवस्थापकाचे खाते वडीलधाऱ्यांकडे असावे. म्हणजे एखादा खेळ बसविताना संगणक थबकून परवानगी मागेल, आणि त्या क्षणात विचार करण्यास अवसर मिळेल. जो फुकटचा प्रोग्राम ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगतो, तो पाहुणा नव्हे, दरोडेखोर समजावा.

जुन्या यंत्रातील सामान सर्वांत शेवटी आणावे. छायाचित्रे, पत्रे, गाणी तेवढी घ्यावी. प्रोग्राम घेऊ नयेत. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्हही तपासल्यावाचून उघडू नये. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली डिस्क ही प्रत नव्हे. कुलूप घालणारा तिलाही सोडीत नाही.

या सर्वांस एक संध्याकाळ लागते. मुलांस ती लांब वाटेल, हे आम्ही जाणतो; आम्हांसही त्या दिवशी तशीच घाई झाली होती. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाचा तरी आवाज, कोणाचे तरी हस्ताक्षर एखाद्या यंत्रात जपून ठेवलेले असेल. नव्या संगणकाची वाट पाहू नका. त्याची दुसरी प्रत आजच करा.